वेस, बारव, माळवद, देऊळ, गढी : वाचकांचे प्रश्न

गावातल्या जुन्या बांधकामांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. चार पत्रांत एकच गाऱ्हाणे आहे: डागडुजी केली आणि दोन पावसाळ्यांत भिंत आधीपेक्षा खराब झाली. म्हणून पहिली दोन उत्तरे लांबली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाची वेस काळ्या दगडाची आहे, वर विटांचे बांधकाम आहे. कमानीत भेग पडली आहे. ग्रामपंचायतीने मागे सिमेंटचा गिलावा केला होता, तो फुगून पडला. आता पुन्हा जाड गिलावा करून भेग बुजवावी असे ठरते आहे. योग्य होईल का? (सातारा जिल्हा)

नाही. भेग बुजवण्याआधी ती वाढते आहे की थांबली आहे, हे कळायला हवे. त्यासाठी भेगेवर आडव्या, काचेच्या पातळ पट्ट्या बसवा. पट्टी बोटभर रुंद आणि चारेक इंच लांब असावी. तिची दोन्ही टोके भेगेच्या दोन बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने घट्ट करा आणि शेजारी तारीख लिहा. खाली, मध्ये आणि वर अशा तीन पट्ट्या पुरतात. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. काच तडकली नाही तर भेग जुनी आहे, ती नुसती भरली तरी चालेल. तडकली तर कारण शोधल्याशिवाय हात लावू नका.

कारण बहुतेक वेळा कमानीत नसते, पायाशी असते. गावातला रस्ता दर काही वर्षांनी जुन्या थरावरच नवा काँक्रीटचा थर टाकून उंच होतो आणि वेशीचा उंबरठा खड्ड्यात जातो. मग सगळ्या आळीचे पाणी वेशीच्या पायाशी साचते. एका बाजूने गटार फुटलेले असले तर त्या बाजूची माती मऊ पडते, तेवढाच बुरूज खचतो आणि कमान उघडते. पावसाची जोरदार सर येत असताना तिथे उभे राहून पाणी कुठून येते आणि कुठे थांबते ते पाहा. पुढचा रस्ता करताना जुना थर उखडून मगच नवा टाकावा, असे कामाच्या अंदाजपत्रकात लिहून घ्या. ऊस भरलेल्या ट्रॉल्या कमानीला घासत असतील तर वेशीच्या अलीकडे पंधरा-वीस फुटांवर लोखंडी आडवा बार उभारा. त्याची उंची कमानीच्या सर्वांत खालच्या भागापेक्षा फूटभर कमी ठेवा, म्हणजे धडक बसली तर बाराला बसेल.

आता गिलावा का फुगला ते सांगतो. जुन्या जाड भिंतीच्या दोन्ही तोंडांना घडीव दगड असतो आणि पोटात दगडगोटे, माती आणि चुना. पाणी वरून आणि पायातून त्या पोटात जातेच. काळा दगड फारसे पाणी पीत नाही, त्यामुळे आत गेलेली ओल दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडते. दरज हेच भिंतीचे नाक आहे. तिथे सिमेंट भरले की ओल आत कोंडते, क्षार घेऊन विटांकडे वळते, तिथे वाळताना क्षारांचे खडे बनतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. शिवाय सिमेंट कडक आणि जुनी भिंत मऊ. उन्हाने दोघे वेगवेगळे हलतात आणि गिलावा ढोलसर वाजू लागतो. बाहेरून भिंत पक्की दिसते, आतून मात्र ती पोकळ होत जाते.

म्हणून सैल झालेले सिमेंट हातोडी-छिन्नीने काढा, ब्रेकर लावू नका. जिथे ते विटेला घट्ट धरून बसले आहे तिथे ओढाताण केली तर वीटच तुटते, तेवढे तूर्त राहू द्या. भेग आणि दरजा चुन्यानेच भरा.

प्रश्न : चुन्याने भरा असे सगळे सांगतात, पण आमच्या भागात चुन्याचे काम जाणणारा गवंडी उरला नाही. प्रमाण, कृती आणि चुका सविस्तर कळवाव्यात. (एक गवंडी, अहिल्यानगर जिल्हा)

आधी जुना चुना काय सांगतो ते पाहा. भिंतीच्या आतल्या भागातला, पावसाने न धुतलेला शंभर ग्रॅम तुकडा घ्या. वाळवून भरड करा आणि काचेच्या भांड्यात पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे घाला. हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर. फसफस थांबली की गाळा, राहिलेला भाग धुऊन, वाळवून तोला. सत्तर ग्रॅम उरले तर गेलेले तीस ग्रॅम मुख्यतः चुन्याचे. उरलेल्या भागात वाळू किती जाड आहे आणि लाल भुकटी आहे का ते पाहा. लाल असेल तर जुन्या गवंड्याने विटकरीची भुकटी, म्हणजे सुर्खी, वापरली होती. वाळूत चुनखडीचे खडे असतील तर तेही विरघळतात आणि हिशेब चुकतो, एवढे ध्यानात ठेवा.

चुना कळीचा, म्हणजे भाजलेला पण पाण्यात न विरवलेला, घ्या. पोत्यातली उघडी पडलेली भुकटी हवेने मेलेली असते. खड्ड्यात किंवा टाकीत आधी पाणी घ्या आणि त्यात कळी थोडी थोडी सोडा. कळीच्या ढिगावर थोडे पाणी मारले तर पाणी उकळून चुना उसळतो आणि डोळे जातात. म्हणून चष्मा घाला आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली ठेवा. विरलेला चुना बारीक चाळणीने गाळून, वर चार बोटे पाणी राहील असा झाकून ठेवा. पंधरा दिवस ही सर्वांत कमी मुदत, तीन महिने झाले तर उत्तम. घाई केली तर न विरलेले खडे भिंतीत गेल्यावर विरतात आणि गिलाव्यावर फोड येतात. बहुतेक ठिकाणी "चुना टिकत नाही" ही तक्रार इथेच जन्मते.

दरजांसाठी एक भाग चुना, दीड भाग वाळू, अर्धा भाग सुर्खी. वाळू नदीची, धारदार, माती धुतलेली हवी. मुठीत दाबून पाहा, हाताला गाळ लागला तर पुन्हा धुवा. सुर्खी कमी भाजलेल्या विटांची चांगली, कारण जास्त भाजलेली काळपट वीट चुन्याशी नीट मिळत नाही. साध्या चुन्याला घट्ट व्हायला हवा लागते, सुर्खी असली तर तो ओलीतही घट्ट होतो. पायाजवळ आणि पाण्याच्या कामात म्हणूनच सुर्खी हवी. चुना मळायची दगडी घाणी नसेल तर चक्की मिक्सर, तोही नसेल तर फावडे आणि मुसळ चालते. मात्र मळण भरपूर हवी आणि पाणी शक्यतो कमी. चुना मऊ वाटला नाही तर पाणी ओतण्याचा मोह होतो, त्याऐवजी आणखी मळा, तो आपोआप सैल होतो.

दहा फूट बाय दहा फूट भिंतीला पाऊण इंच गिलाव्यासाठी साधारण सात घमेली गाळीव चुना, दहा-अकरा घमेली वाळू आणि साडेतीन-चार घमेली सुर्खी लागते. भिंत खडबडीत असेल तर यात चौथा हिस्सा वाढवा. एकदम पाऊण इंच थापू नका. अर्ध्या इंचाहून जाड थर तडकतो, म्हणून दोन थर द्या. पहिला थर बोटाच्या नखाने ओरखडा निघेल पण बोट रुतणार नाही इतका ताठरला की दुसरा.

गूळ, हिरडा, बेलफळ यांबद्दल फार विचारणा असते. त्यांनी चुना मळायला मऊ होतो आणि पाणी झिरपणे कमी होते. पण गूळ पाण्याच्या शेकडा तीन भागांवर नेऊ नका. जास्त गुळाने चुना बसायला उशीर लागतो आणि मुंग्या येतात. ज्याला जुन्या चुन्याचे गुपित म्हणतात ते मुरवण्यात आणि मळण्यात असते, गुळात नव्हे.

काम सुरू करण्याआधी दरज एक ते दीड इंच खोल साफ करा, धूळ झटका आणि आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा. कोरडी भिंत चुन्यातले पाणी ओढून घेते आणि चुना पीठ होतो. काम झाल्यावर ओले गोणपाट टांगून निदान दहा दिवस सावलीत ओलावा ठेवा. काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करा. मे महिन्यातल्या उन्हात केलेला चुना कितीही पाणी मारले तरी भाजून निघतो, आणि पावसाळ्यात तो धुऊन जातो. चुना घट्ट झाला हे सिमेंटसारखे दुसऱ्या दिवशी कळत नाही. त्याची खरी ताकद महिन्यांनी येते. ठेकेदाराला हेच पटत नाही, म्हणून कामाची मुदत लिहितानाच हे दिवस धरा.

सिमेंटची चिमूटभर मिसळ "लवकर घट्ट होण्यासाठी" करू नका. ओल कोंडण्याचे सारे दोष तिच्यासोबत परत येतात.

प्रश्न : आमच्याकडे पायऱ्यांची जुनी बारव (विहीर) आहे. गाळ आणि कचऱ्याने भरली आहे. उन्हाळ्यात तरुण मंडळ श्रमदान करणार आहे. कशी साफ करावी? नंतर दरजा सिमेंटने भरून घ्याव्यात का? (परभणी जिल्हा)

आधी प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे: दरजा भरू नका. यादवकाळातल्या बहुतेक बारवांची दगडी बांधणी कोरडी आहे, दगड एकमेकांवर ताशीव पृष्ठांनी बसवलेला. झरे त्या फटींतूनच येतात. त्या बंद केल्या की पाणी भिंतीमागे तुंबते आणि भिंतीला आत ढकलते. झरा आटला म्हणून लोक हळहळतात, पण त्याला आपणच बूच लावलेले असते.

श्रमदानाच्या आधी बारवेची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि तळाचा आराखडा काढा. एक मुख, म्हणजे उतरायची वाट, असेल तर ती नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन असतील तर जया, चार असतील तर विजया. हे शास्त्रातले प्रकार आहेत. मुखे, कोनाडे आणि पायऱ्यांची वळणे मोजून ठेवा.

पाणी विजेच्या पाणबुडी पंपाने उपसा. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारे यंत्र लावलेले असावे आणि पाण्यात माणूस असताना पंप बंद. डिझेल इंजिन किंवा जनरेटर बारवेत उतरवू नका, त्याचा धूर तळाशी साचतो आणि माणसे बेशुद्ध पडतात. दिवा सोडून पाहण्याची जुनी पद्धत फक्त प्राणवायू अगदी कमी आहे का तेवढे दाखवते. दिवा जळत असला तरी विषारी वायू असू शकतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि वर दोन माणसे हवीत. पाणी दिवसाला दोन फुटांहून वेगाने उतरवू नका. भिंतीमागची माती पाण्याने फुगलेली असते. समोरचे पाणी झटकन गेले तर तिला आधार राहत नाही आणि पायऱ्या ढासळतात.

गाळ थराथराने काढा, प्रत्येक थराचा ढीग वेगळा ठेवा आणि बोटभर छिद्राच्या चाळणीतून घाला. मूर्तीचा तुकडा, नाणे, अक्षरे असलेला दगड सापडला तर तो कोणत्या थरातला, हे तिथेच लिहा. मासे आणि कासवे आधी दुसऱ्या पाण्यात सोडा. जेसीबी बारवेच्या काठापासून निदान बारवेच्या खोलीइतका दूर हवा. पडलेले घडीव दगड हलवण्यापूर्वी खडूने क्रमांक टाका आणि जागा आराखड्यावर मांडा. पाथरवट नंतर त्याच क्रमाने ते बसवू शकतो. क्रमांकाशिवाय ढीग घातला तर तो ढीगच राहतो.

साफसफाईनंतर वर काँक्रीटचा स्लॅब घालून बारव झाकण्याचा विचार सोडा. काठाला हाताभर उंच दगडी कठडा आणि निर्माल्यासाठी बाहेर कुंड पुरते.

प्रश्न : माळवद (घराचे मातीचे सपाट छत) गळते. दरवर्षी वर पांढरी माती टाकतो, तरी गळते. खांब खालून मऊ झालेत. वर पत्रा टाकू का? (बीड जिल्हा)

दरवर्षी माती टाकता, पण जुनी काढता का? माळवदाच्या मातीचा थर सहा ते नऊ इंचांचा असायला हवा. थर फूटभर झाला तर एका चौरस मीटरवर जवळजवळ पाचशे किलो भार होतो. दहा बाय पंधरा फुटांच्या खणावर हा भार सात टन. भिजली की आणखी वाढ. तुळई वाकली की मध्यावर पाणी साचते आणि तिथूनच गळते. म्हणजे गळतीवर टाकलेली मातीच गळती वाढवते.

उतार असावा दहा फुटांना तीन इंच. त्याहून जास्त दिला तर पावसात माती वाहून जाते. जुनी माती खरवडून काढण्याआधी तुळयांखाली टेकू द्या आणि दोन्ही टोकांकडून समान उतरवत मध्याकडे या. एका बाजूने रिकामी केली की दुसरी बाजू झटका देते. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, किलच्या (बारीक चिपा) आणि त्यावरचा पाला कुजला असेल तर त्याच वेळी बदला. पाल्यासाठी निरगुडी किंवा तरवड चांगली, त्यांना कीड कमी लागते. पन्हळ भिंतीबाहेर निदान फूटभर काढा. आखूड पन्हळीचे पाणी भिंतीवरून उतरून पाया सडवते.

खांबाचे बूड लोखंडी टोच्याने टोचून पाहा. अर्धा इंच सहज जात असेल तर तेवढा भाग कापून त्याच जातीचे लाकूड खाच देऊन जोडा. खांब तळखड्याच्या दगडावर उभा असावा, फरशी किंवा सिमेंटमध्ये गाडलेला नव्हे. घराच्या जमिनीला नव्या फरश्या घालताना तळखडा बुजवला की वाळवीला जिना मिळतो. लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचे पाण्यातले द्रावण दोन-तीनदा लावा, वाळल्यावर जवसाचे तेल. तैलरंग नको, तो लाकडाला आतून घामेजवतो. पत्रा टाकायचा तर तात्पुरता, माळवदापासून निदान फूटभर वर, हवा खेळेल असा. मातीवर प्लास्टिक पसरले तर वरचे पाणी थांबते खरे, पण खालचे लाकूड वाळायची वाट बंद होते.

प्रश्न : गावच्या हेमाडपंती देवळाला तैलरंग दिलेला आहे आणि शिखरावर पिंपळ आहे. वाळूचा फवारा मारून रंग काढून देतो असे एक ठेकेदार म्हणतो. (पुणे जिल्हा)

त्याला नाही म्हणा. वाळूच्या फवाऱ्याने रंगासोबत कोरीवकामाच्या धारा जातात, त्या परत येत नाहीत. आम्लही नको. त्याने चुना विरघळतो आणि क्षार मागे राहतात. आडोशाच्या कोपऱ्यात चार इंच चौरस जागेवर रंगकाढू जेल लावून वीस-तीस मिनिटे थांबा आणि बांबूच्या पट्टीने खरवडा. धातूची नको. खाली जुना चुना आणि त्यावर रंगीत खुणा दिसल्या तर तिथेच थांबा. ते जुने चित्र असू शकते आणि पुढचे काम संवर्धनतज्ज्ञाचेच आहे. देवावरचा शेंदूर अंगावरून स्वतःहून सुटू द्या, खरवडू नका.

पिंपळ ओढून काढू नका. त्याचे मूळ दगडांत फासासारखे असते, ओढले तर दगड निघतात. बुंधा दगडालगत कापा, लगेच सहा-आठ मिलिमीटरची तिरपी भोके पाडून त्यात तणनाशक भरून घ्या. हे काम परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्याकडूनच करवा. फुटवे येत राहतील, ते दिसताच पुन्हा करा. मूळ पूर्ण वाळले की भेगेत पातळ चुना ओता. तोपर्यंत शिखराला सिमेंट लावले तर खालून फुटवा येईल आणि सिमेंटचे कवच उचलेल.

प्रश्न : गढीजवळ (जुन्या किल्लेवजा वाड्याजवळ) अक्षरे असलेला दगड आहे. वाचता येत नाही. आणि गढीची पांढरी माती लोक माळवदासाठी नेतात, खाली भांडीही निघतात. काय करावे? (धाराशिव जिल्हा)

शिलालेखावर खडू, पीठ, तेल काही घासू नका. साध्या पाण्याने आणि मऊ कुंच्याने धुवा. रात्री अंधारात टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा, अक्षरे उठून दिसतात. शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र काढा. गाढवाचे चित्र आणि वर सूर्यचंद्र असेल तर ती गधेगळ आहे, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड. रायगड जिल्ह्यातल्या अक्षी येथील अशाच गधेगळीवरील मराठी लेख शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा असल्याचे वाचले जाते. तेव्हा गावातला दगड रंगवू नका.

वर्ष काढायला "शके" असेल तर ७८ मिळवा. पौष, माघ किंवा फाल्गुन असेल आणि जानेवारी लागला असेल तर ७९. ताळा करायला संवत्सराचे नाव वापरा. शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, हा शिवराज्याभिषेकाचा दिवस, ६ जून १६७४. सातारा जिल्ह्यातल्या लिंबच्या बारामोटेच्या विहिरीवरील लेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे, त्यावरून १७१९ ते १७२४. "सन अर्बा", "सन खमस" अशी अरबी संख्यानामे आली तर शुहूर सन (दख्खनेतली जुनी कालगणना) आहे, जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि त्यानंतरच्या महिन्यांसाठी ६०० मिळवा. दख्खनी फसली सनाला (महसुली वर्षाला) तसेच ५९० किंवा ५९१.

गढीच्या मातीचे नेणे आजच थांबवा. गावठाणाला "पांढरी" म्हणतात, ते याच मातीवरून. राख, शेण, चुना, पडलेल्या भिंती यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे थर साचून ती बनते. तिच्या खाली अनेकदा फार जुनी वस्ती असते. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून एका ताम्रपाषाणकालीन संस्कृतीलाच नाव मिळाले आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या तेरच्या पांढरीतून निघालेल्या वस्तूंचे संग्रहालय झाले. ग्रामसभेत ठराव करून खोदाई बंद करा, माळवदासाठी माती दुसरीकडून घ्या. निघालेली खापरे जागेवरून उचलू नका. मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८ च्या निधी कायद्यानुसार, तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. छायाचित्रे आणि ठराव जोडून राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे पाहणीचा अर्ज करा. अर्जात गट क्रमांक, गढीची लांबी-रुंदी-उंची आणि शिलालेखाचे छायाचित्र द्या, म्हणजे पाहणीला येणाऱ्याला जागा शोधत फिरावे लागणार नाही.